तुम्ही विचारलंत म्हणून : काट्या-चमच्यांच्या बाईला मी पत्रकार का म्हणते

पत्रकारिता शिकणाऱ्या मुलांपुढे बोलायची वेळ आली की मी हटकून शिष्टाचारावर लिहिणाऱ्या एमिली पोस्टचं नाव घेते. तास संपला की कुणीतरी हमखास गाठतं. ‘मॅडम, ती काटा डावीकडे नि सुरी उजवीकडे सांगणारी अमेरिकन बाई ना? तिचा पत्रकारितेशी काय संबंध?’ इतक्यांदा विचारून झालंय की आता एकदाचं लिहूनच टाकते.

एमिलीचा जन्म 1872 सालचा, बाल्टिमोरचा. वडील ब्रूस प्राइस नामांकित वास्तुरचनाकार. क्वेबेकमधलं शातो फ्रोंतनाक हे प्रसिद्ध हॉटेल त्यांच्याच हातचं. घरात पैसा, ओळखी, नोकरचाकर, सगळं होतं. 1892 मध्ये एडविन पोस्ट या शेअर दलालाशी लग्न झालं, दोन मुलगे झाले. नवऱ्याची बाहेर प्रकरणं होती. इथवर त्या काळच्या न्यूयॉर्कमधल्या कुठल्याही श्रीमंत घरात शोभेल अशीच ही कथा.

मग तिच्या आयुष्यात पत्रकारिता आली, तीही मागच्या दाराने. न्यूयॉर्कमध्ये ‘टाउन टॉपिक्स’ नावाचं साप्ताहिक निघायचं. बड्या घरांतल्या भानगडी छापणं हा त्याचा उघड धंदा. खरी कमाई मात्र न छापण्याची. मालक कर्नल मॅन यांची माणसं सावज हेरायची नि गप्प राहण्याची किंमत सांगायची. 1905 मध्ये एडविनकडे पाचशे डॉलर मागितले गेले. त्याने ते दिले नाहीत. सरकारी वकिलाच्या कचेरीशी संधान बांधून सापळा लावला आणि पैसे घ्यायला आलेला मॅनचा माणूस पकडला गेला. यात एडविनचं धाडस दिसतं खरं, पण चव्हाट्यावर आला तो दोघांचा संसार. जे एका साप्ताहिकात येऊ नये म्हणून पैसे मागितले होते, ते आता शहरभरच्या वर्तमानपत्रांत आलं. पुढे घटस्फोट झाला.

या प्रकरणावर मी वर्गात नको तितका वेळ घालवते, असं मुलं म्हणतात. घालवणारच! आपल्याबद्दल छापून येणं म्हणजे काय, हे पत्रकाराला सहसा स्वतःच्या अंगावर कळत नाही. एमिलीला ते कळलं होतं. पुढे ती जन्मभर लिहीत राहिली ते लोकांच्या वागण्याबद्दलच. पण माणसं तिने काल्पनिक नावांनी उभी केली. त्यामागे हा अनुभव असावा, असा आपला माझा कयास.

लिहायला तिने घटस्फोटामुळे सुरुवात केली, असं मात्र नाही. पहिली कादंबरी 1904 मध्येच आली होती. नंतर लेखणी कमाईचं साधन झाली, एवढंच. त्या कादंबऱ्या आज कुणी मुद्दाम वाचाव्यात अशा मला वाटत नाहीत. 1915 चं काम मात्र पाहण्यासारखं आहे. ‘कॉलियर्स’ साप्ताहिकासाठी ती न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत मोटारीने गेली. हेच ते ‘कॉलियर्स’, ज्याने ‘टाउन टॉपिक्स’च्या खंडणीबद्दल उघड लिहिलं होतं आणि त्यावरून भरलेला अब्रुनुकसानीचा खटला 1906 मध्ये जिंकला होता. मोटार तिचा थोरला मुलगा नेड चालवत होता. देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धड रस्ता नव्हता. पाऊस पडला की चिखल. दुसऱ्या वर्षी या प्रवासाचं पुस्तक निघालं. त्यात नकाशे तर आहेतच, शिवाय रोज कशावर किती पैसे गेले त्याचा हिशेब आहे. वाचकाला उद्या याच रस्त्याने जायचं असेल तर काय लागेल, ते तिने टिपून ठेवलं. बातमीदाराची वही याहून वेगळी काय असते?

शिष्टाचाराचं पुस्तक आलं 1922 मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. सहाशेच्या वर पानं! हे पुस्तक म्हणजे ‘हे करा, ते करू नका’ची जंत्री असेल असं वाटतं, आणि काही प्रकरणं तशी आहेतही. पण फसलेल्या मेजवानीचं प्रकरण काढा. नवी नवरी हौसेने बड्या पाहुण्यांना जेवायला बोलावते. शेकोटीचा धूर दिवाणखान्यात कोंडतो. मग मासा येतो. ताटात मावणार नाही एवढा ढीग, कडेने पाण्याची धार, आणि वर अंडं-लोण्याच्या हॉलंडेज सॉसच्या जागी काहीतरी फाटलेलं, पिवळं. पाहुण्या मिसेस वर्ल्डली आपल्या पानाकडे बघतात, आणि यजमानीण त्यांच्याकडे. नियम एकही सांगितलेला नाही, पण वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. जो टेबलाशी बसून बघत आलाय, त्यालाच हे लिहिता येतं.

आता खरा मुद्दा. पुस्तक खपलं तशी पत्रं यायला लागली. विचारणाऱ्या बायकांकडे ना बटलर होता, ना स्वयंपाकीण. एकटीने रांधायचं, वाढायचं आणि वर हसतमुखाने पाहुण्यांशी बोलायचं, हे जमवायचं कसं? 1922 च्या पुस्तकात या बाया नव्हत्याच. 1927 च्या आवृत्तीत त्या आल्या, मिसेस थ्री-इन-वन या नावाने : स्वयंपाकीण, वाढपीण आणि यजमानीण, तिन्ही एकीतच. तरुण मुलीबरोबर पाठराखीण हवी असं सांगणारं एक प्रकरण पहिल्या आवृत्तीत होतं. काळ बदलला तसं पुढे त्याचं नाव बदलून ‘नाहीशी झालेली पाठराखीण’ अशा अर्थाचं करावं लागलं. तिने त्यावर गळा काढला नाही. समाज असा वागत नाही, हे दिसल्यावर तसं लिहिलं. 1930 च्या दशकात रेडिओ आला, रोजचा स्तंभ आला, पत्रांचा ओघ वाढतच गेला, आणि ती आवृत्त्या सुधारत राहिली. 1946 मध्ये नेडबरोबर तिने आपल्या नावाची संस्थाही काढली. 1960 मध्ये ती गेली.

वर्गातलं एखादं चुणचुणीत पोरगं मध्येच म्हणतं, ‘पण मॅडम, हे सगळं श्रीमंत गोऱ्यांचंच झालं.’ बरोबर आहे. तिच्या पहिल्या आवृत्तीतली नोकरमाणसं घड्याळासारखी चालतात. त्यांचे पाय दुखतात की नाही, याची चौकशी बाईने कधी केली नाही. नवश्रीमंतांची खिल्ली उडवताना तिची लेखणी जरा जास्तच खुलते. मुलांनी हे तिच्या विरोधात जरूर लिहावं. मीच सांगते, लिहा. पण आधी वाचा. 1922 ची आवृत्ती आता हक्कमुक्त असल्याने इंटरनेटवर फुकट मिळते. व्हिजिटिंग कार्डं आणि सुतकाच्या कपड्यांची प्रकरणं खुशाल गाळा. मेजवानीपासून सुरुवात करा.