लग्नात कोणता राग? तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, लेकीच्या लग्नात डीजे नकोय, शास्त्रीय संगीतच हवंय. रागांची यादी द्याल का?" मी गाणं शिकवते, त्यामुळे लग्नसराई जवळ आली की हा प्रश्न हमखास येतो. यादी मी देतेच, पण त्याआधी उलट विचारते, मुहूर्त किती वाजताचा?

रागांना वेळ असते, लग्नालाही असते. त्या जुळवल्या की अर्धी निवड आपोआप होते. सकाळी पुण्याहवाचन चालू असताना देशकार, अल्हैया बिलावल किंवा अहिर भैरव वाजू द्या. तोडी माझा जिवाभावाचा राग, पण लग्नाच्या सकाळी मी तो सुचवत नाही, त्याची आर्तता त्या घाईत कुणाला पेलत नाही. साडेबाराचा मुहूर्त असेल तर सारंगाला पर्याय नाही. वृंदावनी सारंगात गंधार आणि धैवत नाहीत. उरलेल्या स्वरांचा तो मोकळेपणा भर दुपारच्या गर्दीतही कानांना जाणवतो.

अवघड प्रश्न गोरज मुहूर्ताचा. सूर्यास्ताचे राग म्हणजे मारवा, पूर्वी, श्री. कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम यांमुळे हे सगळे राग गंभीर. त्यात मारव्याला पंचम नाही आणि तो षड्जावरही सहजी विसावत नाही. ती हुरहूर मैफलीत मला हवीहवीशी वाटते, पण नवरा-नवरीच्या मध्ये अंतरपाट धरलेला असताना नको. वेळ पाळायचीच असेल तर पूरिया धनाश्री घ्या. तेच संध्याकाळचे स्वर, पण पंचमाचा भरभक्कम आधार असलेले. दिवे लागले की मग यमन आहेच.

आता सनईविषयी. बजेट कमी पडत असेल तर सजावटीतलं काही कमी करा, पण सनई-चौघडा प्रत्यक्ष वाजणारा ठेवा, असा माझा आग्रह असतो. दारात आणि मांडवात वाजणारं हे वाद्य बिस्मिल्ला खाँ यांनी मैफलीच्या मध्यभागी नेऊन बसवलं, 2001 साली त्यांना भारतरत्न मिळालं. त्या वाद्याला आपण हॉलच्या कोपऱ्यात, चपलांच्या ढिगाशेजारी बसवतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सनईवाले आल्या आल्या वाजवायला लागतील अशी अपेक्षा धरू नका. सनईच्या तोंडाशी दुहेरी पत्ती असते, ती ओठांत धरून ओलावावी लागते. एखादी पत्ती नीट बोलली नाही तर दुसरी लावून पाहतात. जास्तीच्या पत्त्या दोऱ्याने सनईलाच लटकवलेल्या असतात. मग सूर धरणाऱ्या साथीदाराशी सूर मिळवायचा. एवढ्यासाठी त्यांना निवांत वेळ द्या आणि शेजारी दुसरा स्पीकर चालू ठेवू नका.

शेवटच्या मंगलाष्टकातलं "सावधान" संपतं, अंतरपाट खाली येतो आणि त्याच क्षणी सनई उठायला हवी. पण सनईवाल्यांना समोरच्या गर्दीतून बोहलं दिसतच नाही. भटजी शेवटचं अक्षर किती लांबवतील तेही त्यांना ठाऊक नसतं. म्हणून घरातला एक जाणता माणूस भटजी आणि सनईवाले यांच्या मध्ये उभा करा, त्याने फक्त हात वर करायचा. हे जमलं की अक्षता आणि पहिला सूर एकदमच येतात.

मंगलाष्टकं बहुधा शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. ओळीला एकोणीस अक्षरं, बाराव्या अक्षरावर यती. तिथे श्वास घेतला की कुणालाही ती म्हणता येतात. घोळ होतो तो पट्टीचा, म्हणजे कोणत्या सुराला सा धरायचा याचा. काका हार्मोनियमच्या काळी एकमध्ये म्हणतात, लगेच आत्या काळी चार धरते आणि ऐकणाऱ्याच्या कानाला झटका बसतो. आधी सगळ्या बायकांची, मग सगळ्या पुरुषांची असा क्रम लावा आणि मोबाइलवरचा तानपुरा माइकजवळ हलका सुरू ठेवा. पट्टी एकदाच बदलेल.

रिसेप्शनला लोक बोलणारच, भेटायलाच आलेले असतात. तिथे विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल लावू नका, आलाप त्या गलबल्यात बुडून जातो. बासरी, संतूर, सतार यांची मध्य लयीपासूनची गत, म्हणजे तालात बांधलेली वाद्यरचना लावा. डी. के. दातारांचं गायकी अंगाचं, म्हणजे गळ्यातून गायल्यासारखं वाजणारं व्हायोलिन मला अशा वेळी फार जवळचं वाटतं. राग हंसध्वनी, दुर्गा, तिलक कामोद, बिहाग, देस. दरबारी आणि मालकंस मोठे राग खरे, पण त्यांचं गांभीर्य इथे नको. रेकॉर्डिंग असेल तर आधीच डाउनलोड करून ठेवा, नाहीतर नवरा-नवरी स्टेजवर येताना मध्येच जाहिरात वाजते.

गायन ठेवणार असाल तर शब्द वाचा. सुरांवर भुलून लोक विरहाची ठुमरी निवडतात. पाठवणीला भैरवीतली वाजिद अली शाहांच्या नावावर असलेली "बाबुल मोरा" ही माहेर सुटण्याची ठुमरी हमखास सुचवली जाते. लखनौ सोडावं लागलेल्या नवाबाची व्यथा तिच्यात ऐकू येते आणि तिच्यातली डोली अखेरच्या प्रवासाचीही मानतात. अर्थ कळूनही ती हवी असेल तर जरूर गाऊ द्या, मुलीची पाठवणी हा रडण्याचाच क्षण आहे. अर्थ न कळता मात्र नको.

आणि एक मागणं. दिवसभरात निदान एक बंदिश अशी ठेवा, जी सगळे खाली बसून ऐकतील. जेवणाची पानं मांडायच्या आधी ती वेळ मिळते. केटररला आधी सांगून ठेवा, फोटोग्राफरला तेवढा वेळ थांबवा आणि यमनातली एक मध्य लयीतली बंदिश पूर्ण होऊ द्या. ती नवरा-नवरीच्या आवडीची असेल तर फारच छान. कलाकारांशी बोलताना वेळ ठरवा, प्रसंग सांगा, कोणते राग नकोत तेही सांगा. पण बंदिश कुठे संपवायची हे त्यांच्यावर सोडा.