समोर उघडलेली बाटली

माहितीपटांसाठी जागा, जुने फोटो आणि जुनी माणसं शोधून देणं हे माझं काम. एप्रिलमध्ये एका संस्थेचं काम आलं, ते चार्ल्स शोभराजचं, परदेशी प्रवाशांना गुंगीचं औषध देऊन लुटणाऱ्या आणि मारणाऱ्या खुन्याचं. तो जिथे उतरला, जेवला, पकडला गेला त्या हॉटेलांची यादी करायची आणि तिथे आज काय उरलंय ते लिहायचं. मी फोंड्याची, त्यामुळे गोव्याचा भाग माझ्याकडे येणं साहजिकच होतं.

सुरुवात पणजीला, पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात केली. 1986 च्या एप्रिलची बांधीव वर्तमानपत्रं काढून घेतली. कडा इतक्या ठिसूळ झाल्यात की पान उलटताना खालून तळहात द्यावा लागतो. 6 एप्रिल 1986, रविवार. गोवा तेव्हा संघप्रदेश होता, घटकराज्य व्हायला वर्षाहून जास्त अवकाश होता. दिल्लीच्या तिहार तुरुंगातून पळालेल्या शोभराजला पणजीजवळच्या पर्वरीच्या ओ कोकेरो रेस्टॉरंटमध्ये मुंबई पोलिसांचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी धरलं. 1971 मध्ये मुंबईत त्याला याच झेंड्यांनी पकडलं होतं, म्हणून चेहरा ओळखीचा. ओ कोकेरोच का, याचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. परदेशी फोन लावायची सोय तेव्हा गोव्यात मोजक्याच ठिकाणी होती, त्यांतलं ते एक. फोन करायला माणूस कधीतरी तिथे येणारच, या हिशेबाने पोलीस थांबले होते. झेंड्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितलंय की बेड्या जवळ नव्हत्या, हॉटेलवाल्यांकडून दोर मागून घेतला.

नंतर त्याच रेस्टॉरंटमध्ये शोभराजचा पुतळा बसवला गेला आणि पर्यटक शेजारी बसून फोटो काढू लागले. मला हे कधीच पटलं नाही. ज्याला पकडलं त्याचा पुतळा कशाला?

1986 ची पर्वरी आता शोधून सापडत नाही. तेव्हा ते मोकळं पठार होतं. मांडवीवरचा जुना पूल अजून उभा होता, तो कोसळला त्याच वर्षी जुलैत. आता महामार्गाच्या दोन्ही बाजूंना इमारती, मधोमध उड्डाणपुलाचे खांब. जुन्या रस्त्याची ओळख पटवायला त्या काळचं माणूसच लागतं. एका ओळखीच्या बाईंनी पेडण्याचे एक काका सुचवले. त्या वर्षांत याच रस्त्यावरच्या दुसऱ्या एका छोट्या रेस्टॉरंटमध्ये ते वेटर होते. ते रेस्टॉरंट कधीच बंद पडलंय. जागा दाखवायला ते सकाळीच आले, पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं.

त्यांनी बोट दाखवलं तिथे आता टाइल्सचं दुकान आहे. "हंगा आमची कुजीन," म्हणाले. म्हणजे स्वयंपाकघर. पुढे पाच टेबलं, मागे विहीर, दुपारी पोदेर, म्हणजे पाववाला, पाव टाकून जायचा. ट्रंक कॉल, म्हणजे एक्स्चेंजमार्फत जोडून घ्यायचा लांबचा फोन, कसा लागायचा तेही त्यांनी सांगितलं. एक्स्चेंजला नंबर द्यायचा, ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचं आणि बसून राहायचं. तोवर गिऱ्हाईक काहीतरी मागवायचंच. फोन असलेल्या हॉटेलचा धंदा असा फोनच्या वाट पाहण्यावर चालायचा, आणि याच वाट पाहण्याच्या जागेवर झेंडे बसले होते. कागदावर वाचलेली गोष्ट मला तिथे उभ्याने नीट कळली.

मग आम्ही जवळच्या एका खानावळीत बसलो. मी वही काढून त्यांना यादी वाचून दाखवली. 1971, दिल्लीचं अशोका, तिथल्या जवाहिऱ्याच्या दुकानावरची लूट. डिसेंबर 1975, काठमांडू. थायलंडमध्ये काही दिवसांपूर्वीच मारल्या गेलेल्या डच तरुणाच्या, हेन्क बिन्तान्याच्या पासपोर्टवर तो तिथे हॉटेलात उतरला. त्याच महिन्यात तिथे अमेरिकन कॉनी जो ब्रोन्झिक आणि कॅनडाचा लॉरां कॅरिएर यांचे खून झाले. नेपाळच्या न्यायालयाने पहिल्या खुनासाठी 2004 मध्ये आणि दुसऱ्यासाठी 2014 मध्ये त्याला दोषी ठरवलं. जुलै 1976, दिल्लीचं विक्रम हॉटेल. फ्रेंच विद्यार्थ्यांना पोटाच्या त्रासावरचं औषध म्हणून गोळ्या दिल्या. मुलं एकेक करून कोसळू लागली, तेव्हा शुद्धीवर असलेल्यांनीच त्याला धरून ठेवलं. 16 मार्च 1986, तिहार. वाढदिवसाची म्हणून पहारेकऱ्यांना मिठाई, तिच्यात गुंगीचं औषध, आणि हा पसार. त्याचा खरा वाढदिवस 6 एप्रिलला, म्हणजे ओ कोकेरोत धरला गेला त्या दिवशी.

काका मान खाली घालून ऐकत होते. मिठाईपाशी त्यांनी मला थांबवलं.

"बाय, म्हणजे हो मनीस सगळ्यांक खावपाच्या वस्तूंतल्यानच मारी?"

हो म्हटलं. त्यांनी पोऱ्याला हाक मारून सोड्याची बाटली मागवली, बंद. ओपनर स्वतःच्या हातात घेतला. बाटली माझ्याकडे लेबल करून धरली, मला झाकण पाहू दिलं, मगच ओपनर लावला. झाकण तळहातावर घेऊन माझ्या ताटाशेजारी ठेवलं. ग्लास उलटा करून दाखवला, मग सरळ ठेवून ओतला. हात थोडा थरथरत होता, पण एक थेंब बाहेर सांडला नाही. मालकाने पहिल्या दिवशी शिकवलं ते हे, म्हणाले. उराकाच्या, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूच्या दिवसांत बाटलीला लेबल नसतं, तेव्हा गिऱ्हाइकासमोर आधी आपण घोटभर घ्यायचा. अनोळखी माणूस आपल्या हातचं पितो, तो आपल्या भरवशावर. त्या भरवशावरच त्यांनी आयुष्यभर पोट भरलं होतं, आणि शोभराजने माणसं मारायला नेमका तोच भरवसा वापरला होता. काकांचा आवाज चढला होता. बाजूच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले, तरी ते थांबले नाहीत. पुतळ्याबद्दल मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बसोवपाचो आसल्यार त्या विक्रम हॉटेलांत तेका धरून दवरिल्ल्या भुरग्यांचो बसोवपाचो." म्हणजे, बसवायचाच तर त्याला धरून ठेवणाऱ्या त्या मुलांचा बसवायचा.

संध्याकाळी घरी येऊन मी संस्थेला पाठवायचा तक्ता नव्याने मांडला. हॉटेलचं नाव, तारीख, आज तिथे काय आहे हे रकाने ठेवले. त्यांच्याआधी आणखी दोन घातले: तिथे कुणाला काय खायला-प्यायला दिलं गेलं, आणि त्या माणसाचं पुढे काय झालं. संस्थेतल्या मुलीचा फोन आला, तक्ता जड झालाय, प्रेक्षकाला हॉटेलांची झगमग हवी असते. मी तिला सांगितलं की झगमग मी देते, पण हे रकाने काढणार नाही. रकाने राहिले.

काकांचं सोडा उघडणं मी पुढच्या आठवड्यात कॅमेऱ्यावर घेतलं. त्यांची एकच अट होती, बाटली खरी सीलबंद हवी, कापाकापी न करता सलग दाखवायची.