तुम्ही विचारलंत म्हणून: इतक्या धडका खाऊन फॉरवर्ड टिकतात कसे?

सिडनीत नव्याने आलेली मराठी मंडळी रग्बी लीगचा पहिला सामना बघतात आणि हटकून हेच विचारतात: शंभर-एकशेदहा किलोची ही माणसं दर आठवड्याला एकमेकांवर आदळतात, मग बारा-पंधरा वर्षं खेळतात कशी? उत्तर एका वाक्यात द्यायचं तर, धडक घेण्याइतकंच पडणं आणि उठणंही शिकतात म्हणून.

तेरा जणांच्या संघात सहा फॉरवर्ड, म्हणजे धडका देण्या-घेण्याचं मुख्य काम करणारे धिप्पाड खेळाडू. 8 आणि 10 नंबरचे प्रॉप, 9 नंबरचा हूकर, 11 आणि 12 सेकंड-रो, 13 नंबरचा लॉक. चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडणं म्हणजे टॅकल. चेंडू हातात असलेल्या संघाला सहा टॅकल मिळतात, सहाव्यानंतर चेंडू समोरच्यांचा. म्हणून पहिल्या दोन-तीन टॅकलांत प्रॉप थेट बचावाच्या भिंतीवर धावून जातात. दहा मीटर मिळाले तर उत्तम, पण त्या मीटरांपेक्षा महत्त्वाचं असतं ते पुढे घडणारं.

टॅकल झालेल्या खेळाडूने उठायचं, चेंडू जमिनीवर ठेवायचा आणि पायाने मागे सरकवायचा. याला प्ले-द-बॉल म्हणतात. ते झटपट झालं तर दहा मीटर मागे जाणारा बचाव अजून जागेवर आलेला नसतो आणि पुढच्याला मोकळी जागा मिळते. म्हणून चांगला प्रॉप कोपर-गुडघ्यांवर, पोटाकडून पडायला धडपडतो. पाठीवर पडला की वर बसलेले तिघे सावकाश उठतात आणि तेवढ्यात भिंत पुन्हा उभी राहते. कबड्डीत चढाई करणाऱ्याला साखळीने उचलून धरलं की त्याचं बळ निकामी होतं, तसंच इथे ताठ धावणाऱ्याचं होतं: छाती उघडी सापडते, चेंडूसकट मिठी बसते आणि तो मागे रेटला जातो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे उभ्या जागी पास घेणं. चेंडू हातात येताना पाय वेगात हवेत.

टॅकल करताना डोकं कुठे आहे, यावर कारकीर्द ठरते असं माझं ठाम मत आहे. पुढचा पाय समोरच्याच्या पावलांजवळ न्यायचा, खांदा लावायचा आणि डोकं त्याच्या शरीराच्या मागच्या बाजूला ठेवायचं. ते त्याच्या वाटेत आलं की गुडघा किंवा कंबर थेट कपाळावर बसते. दमलेला माणूस पाय पुढे न टाकता नुसते हात पुढे करतो आणि बहुतेक वेळा घोटाळा तिथेच होतो. डोक्याला मार लागल्याची शंका आली की खेळाडूला बाहेर नेऊन पंधरा मिनिटांची तपासणी होते. ऑस्ट्रेलियातल्या एनआरएल या मुख्य स्पर्धेने 2023 पासून, मेंदूला धक्का बसल्याचं निदान झालेल्या बहुतेक खेळाडूंना किमान 11 दिवस मैदानाबाहेर ठेवायचा नियम केला. घरातल्या मुलाला या खेळात घालणार असाल तर क्लबला आधी याबद्दल विचारा.

सामना 80 मिनिटांचा असला तरी प्रॉप सहसा पहिली वीस-पंचवीस मिनिटं खेळून बाहेर येतो आणि नंतर परत जातो. सेकंड-रो बहुधा पूर्ण वेळ असतात. हूकरला चाळीसच्या वर टॅकल करावे लागले तरी कुणाला नवल वाटत नाही. एनआरएलने 2016 मध्ये एका सामन्यात खेळाडू आत-बाहेर करायच्या बदल्या 10 वरून 8 केल्या. मग 2020 मध्ये, बचावाने प्ले-द-बॉल रेंगाळवलं तर खेळ न थांबवता सहा टॅकल नव्याने मोजायला सुरुवात झाली. श्वास घ्यायला मिळणारे थांबे कमी झाले आणि नुसत्या वजनावर खेळणाऱ्यांची पंचाईत झाली.

प्रॉपला पिकायला वेळ लागतो. विशीत ताकद येते, पण कधी जोर लावायचा आणि कधी राखायचा हे बहुधा पंचविशीनंतर कळतं. फिजीत जन्मलेला पेटेरो सिवोनिसेवा 1998 ते 2012 एनआरएल खेळला, 309 सामने, तेही प्रॉप म्हणून. 2013 च्या विश्वचषकात तो फिजीचा कर्णधार होता. हूकर कॅमरन स्मिथ तर 430 सामने खेळला, 2020 चा हंगाम त्याचा शेवटचा. पण ही टोकाची उदाहरणं. खांदा किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत एक अख्खा हंगाम जाऊ शकतो, आणि करार बरेचदा एक ते तीन वर्षांचेच असतात.

हा खेळ मुळात मजुरीच्या प्रश्नातून जन्मला. 1895 मध्ये उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी हडर्सफील्डला वेगळी चूल मांडली, कारण खाणीत-गिरणीत राबणाऱ्या खेळाडूंना बुडालेल्या रोजाची भरपाई द्यायला रग्बीची जुनी संघटना तयार नव्हती. आज पगार मिळतो, पण कारकीर्द तिशीच्या सुरुवातीलाच आटोपते. त्यामुळे सुतारकाम, वीजकाम किंवा एखादी पदवी खेळता खेळताच सुरू करायला हवी. तिसाव्या वर्षी, गुडघा सुजलेला असताना, ते सुरू करणं फार जड जातं.