उठल्यावरची पंचवीस पावलं

सासूबाईंनी बावीस वर्षं संत एकनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूर केलं. गेल्या माघात त्या गेल्या. घरातली वारी चुकू नये म्हणून ज्येष्ठ वद्य सप्तमीला मी पैठणला उभी राहिले. फाल्गुनातल्या नाथषष्ठीला दरवर्षी जातेच, डोकं टेकवून संध्याकाळच्या एसटीने परत. पण पालखीमागे अडीचशे किलोमीटर चालणं काय असतं, ते मला ठाऊक नव्हतं.

पहिले चार दिवस एकात एक मिसळून गेले. पहाटे काकडा, वळकटी ट्रकमध्ये, टँकरपुढे रांग, मग पखवाज. आणि गजर, ‘भानुदास एकनाथ’. ‘भानुदास’ला दोन पावलं, ‘एकनाथ’ला दोन. पाय आपोआप पडत होते.

बीड जिल्ह्यात पावसाचा थेंब नव्हता. रायमोह्याच्या पुढे उजव्या टाचेला फोड आला, दुपारपर्यंत तळव्यालाही. मागची बाई सारखी माझ्या चपलेवर पाय देत होती. रांग सोडू नका म्हणून पुढून ओरडा होत होता. टाळांचा आवाजसुद्धा नकोसा झाला. अंगावर थुंकणाऱ्यावर न रागावता नाथ पुन्हा पुन्हा गोदावरीत उतरले आणि त्यांच्याच पालखीत मी दातओठ खात चालले होते. फार वाईट वाटलं. राग मात्र गेला नाही.

तेवढ्यात मुलाचा फोन. गावाकडे पाऊस झाला होता, पेरणी निघाली होती. ‘आई, जीप मिळाली तर ये निघून. आजीला काही वाटायचं नाही.’

मी लिंबाखाली बसले आणि दिंडी पुढे गेली. गजर वळणाआड बारीक होत गेला तशी मला रडू यायला लागलं.

रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडातून एक बाई आली. काही न विचारता माझा पाय तिने मांडीवर घेतला. मी ओढायला लागले तर म्हणाली, ‘राहू द्या माऊली, वारकऱ्याचा पाय हाय.’ आतून सुई-दोरा आणला. सुई चुलीत लाल केली, निवू दिली, दोरा हळद-तेलात भिजवला आणि फोडाच्या एका कडेने घालून दुसरीकडून काढला. दोन्हीकडे बोटभर दोरा ठेवून तोडला. ‘कातडं काढायचं न्हाई. दोरा आत ठिवा, पाणी आपसूक उतरतं.’ तिच्या डाव्या हाताच्या अंगठ्यापासून मनगटापर्यंत जुन्या जखमेचा पांढरा वण होता.

‘कोयत्याचा,’ ती म्हणाली. दिवाळी झाली की नवरा-बायको ऊसतोडीला जात. मुकादमाची उचल फिटेस्तोवर परत यायचं नाही. फडात पायाला फोड आला तर काय करता, असं मी विचारलं.

‘काय करायचं? मोळी बांधायची. गाडी उभी असती.’ मग माझ्या पायाला फडकं गुंडाळताना म्हणाली, ‘लई वेळ बसू नका. बसलं की पाय धरतो. उठल्यावरची पंचवीस पावलं वंगाळ असत्यात. तेवढी मोजून काढा, मग पाय गप बसतो.’

तांब्याभर पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. तुम्हीही चला की, म्हटलं तर हसली. ‘पाऊस पडला की पेरणी हाय. कळसाला माझा नमस्कार सांगा.’

मी मोजली. अकराव्या पावलाला डोळ्यांसमोर अंधारी आली, एकोणिसाव्याला परत बसावंसं वाटलं. पंचविसाव्याला पाय गप बसला नाही, पण चाळिसाच्या पुढे मोजायचं विसरले आणि तोंडात गजर आला. गारमाथ्याचा चढ मी एकटीने त्या गजरावर चढले. रात्री पाटोद्यात कीर्तन ऐकता ऐकता बसल्या जागी झोप लागली.

त्यानंतर प्रत्येक विसाव्यानंतर तेच. खर्ड्याचा किल्ला, परांड्याचा किल्ला रस्त्यात आले आणि गेले. परांड्याच्या पुढे राहुटीत पाणी शिरलं, रात्रभर अंगात ताप. पहाटे काकड्याला कुणी उठवलं तर चिडून बोलले. मग उठले आणि ओल्या चिखलात मोजायला लागले. एक, दोन, तीन. सासूबाई बावीस वर्षं कुठल्या पावलापासून चालायला लागत असतील, हा विचार त्या पहाटे पहिल्यांदा आला. घरी येऊन त्या पाय शेकत बसायच्या आणि मी म्हणायचे, कशाला जाता या वयात?

दशमीला पंढरपूर. चंद्रभागेत पाय बुडवला तेव्हा दोरा निघून पाण्याबरोबर गेला. दर्शनबारी कुठल्या कुठे गेली होती, म्हणून कळसाला हात जोडले. सासूबाईंचा नमस्कार सांगितला. मग तिचा. नाव विचारायचं राहून गेलं होतं. ‘रायमोह्याच्या पुढची, पत्र्याच्या शेडातली, डाव्या हातावर कोयत्याचा वण असलेली,’ एवढं नीट सांगितलं आणि तिच्याकडे पाऊस पडू दे म्हटलं.