तुम्ही विचारलंत म्हणून : आपल्या दगडात इक्थिओसॉर का नाही

"बाई, मी हाड आणलोय बघा."

मुठीतला दगड टेबलावर येतो. बहुतेक वेळा तो जांभा असतो. जांभ्याला आरपार भोकं असतात, त्यामुळे तो पोकळ हाडासारखा दिसतो खरा. मी तो हातात घेऊन नीट बघते, कारण पोरगं तो दप्तरात घालून तीन किलोमीटर चालत आलेलं असतं.

बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी विज्ञान शिकवते. जीवाश्मांचा धडा आला की शाळेच्या व्हरांड्यात खडूनं साडेपाच मीटर लांबीचा एक प्राणी काढते. निमुळतं लांब तोंड, ताटलीएवढे डोळे, वल्ह्यासारखे पाय, माशासारखं शेपूट. हा इक्थिओसॉर, म्हणजे मत्स्यसरडा. पुढं आठवडाभर एकच प्रश्न येत राहतो. आधी मुलांकडून, मग त्यांच्या आईवडिलांकडून, एकदा तर बेळगावच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या गवंड्याकडून : आपल्याकडं असलं काही सापडेल का हो? नाहीतर दुसरं काही?

इक्थिओसॉर आपल्याकडं सापडणार नाही. ते समुद्रात होते साधारण २५ कोटी ते ९ कोटी वर्षांपूर्वी. आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा, वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. तो आला तेव्हा हे प्राणी संपून दोन कोटी वर्षं उलटली होती. गोकाकचा धबधबा ज्या खडकावरून पडतो, तो कलादगी खोऱ्यातला वालुकाश्म याच्या अगदी उलट. तो १०० कोटी वर्षांहून जुना आहे. कलादगीच्या वालुकाश्मात उथळ पाण्याच्या लाटांनी उठवलेल्या वळ्या अजून दिसतात, म्हणजे पाणी इथं होतं. पण त्या पाण्यात कणा असलेला एकही प्राणी नव्हता. कणा तेव्हा पृथ्वीवरच झाला नव्हता. एक दगड फार आधीचा, दुसरा फार नंतरचा. मधल्या काळातला समुद्राचा थर आपल्याकडं नाही.

तो थर कच्छमध्ये आहे. तिथल्या लोडाई गावाजवळ जवळजवळ अख्खा सांगाडा मिळाला. दिल्ली विद्यापीठाचे गुंटुपल्ली प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. व्हरांड्यातलं माझं चित्र त्याच्याच मापाचं. वय १५ कोटी वर्षांच्या थोडं वर. भारतात ज्युरासिक काळातला इक्थिओसॉर त्याआधी कधीच मिळाला नव्हता. त्याचे दात झिजलेले आहेत, म्हणजे कठीण कवचाचं, जाड खवल्यांचं भक्ष्य तो फोडून खात असणार. दाताच्या झिजेवरून जेवण ओळखता येतं, हे सांगितलं की मुलं एकमेकांच्या तोंडात बघायला लागतात.

पण मला जास्त बोलायचं आहे ते ओळख पटण्याबद्दल. सापडणं एका दिवसाचं काम असतं, ओळख पटायला वर्षं जातात.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रेजिस नावाचं गाव आहे. तिथं १८११ साली जोसेफ अॅनिंग या मुलाला कड्यात एक भली मोठी कवटी दिसली, आणि पुढच्या वर्षी त्याची बहीण मेरी हिला उरलेला सांगाडा सापडला. तेव्हा ती बारा वर्षांची, म्हणजे माझ्या सातवीतल्या पोरींएवढी. वडील वारलेले, घरात कर्ज. सांगाडा २३ पौंडांना विकला गेला. एव्हरार्ड होम या नामांकित शल्यवैद्यानं १८१४ साली त्याच्यावर निबंध लिहिला, त्यात अॅनिंग भावंडांचं नावसुद्धा नाही. दरवर्षी शिकवते, दरवर्षी इथं माझा आवाज चढतो.

होमसमोर जे होतं ते खरंच कोडं होतं. मणके माशासारखे, दोन्ही बाजूंनी खोलगट, एखादी सोंगटी दोन्हीकडून कोरावी तसे. दात मगरीसारखे. नाकपुड्या मात्र तोंडाच्या टोकाला नसून डोळ्यांजवळ. आधी त्याला वाटलं, हा मासाच. मग वाटलं, मासा आणि सरपटणारे प्राणी यांच्या मधलं काहीतरी. १८१९ साली त्यानं 'प्रोटिओसॉरस' असं नाव दिलं, कारण तोवर त्याला तो सॅलमँडरचा आणि सरड्याचा दुवा वाटायला लागला होता. पण ब्रिटिश म्युझियममधल्या चार्ल्स कोनिगनं 'इक्थिओसॉरस' हे नाव त्याआधीच दिलेलं होतं, आणि तेच राहिलं. पुढं १८२१ साली हेन्री डी ला बीच आणि विल्यम कॉनिबेअर या भूवैज्ञानिकांनी हाडाला हाड लावून तुलना केली आणि हा सरपटणाऱ्या प्राण्यांतलाच आहे हे पक्कं केलं. मुलांना मी वल्हं दाखवते. बाहेरून माशाचा पर, आत मात्र दंडाचं हाड, मनगट आणि बोटांच्या हाडांची रांगच रांग. आपल्या नेहमीच्या माशाला दंड नसतो. आकार समुद्रानं दिला, हाडं पूर्वजांची राहिली. आणि डायनोसॉर म्हणाल तर तोही नव्हे, त्यांचा वंशच वेगळा.

भारतातली गोष्टही अशीच आहे. रिचर्ड लिडेकर या इंग्रज जीवाश्मतज्ज्ञांनी १८७९ साली तामिळनाडूतल्या तिरुचिरापल्ली भागात मिळालेल्या, ज्युरासिकनंतरच्या काळातल्या मणक्यांवरून 'इक्थिओसॉरस इंडिकस' अशी एक जातच जाहीर केली. देशाचं नाव असलेलं किती देखणं नाव! पण टिकलं नाही. इक्थिओसॉरचे मणके एकमेकांसारखेच असतात, तेवढ्यावरून जात ठरत नाही. लोडाईच्या सांगाड्यावर काम करणाऱ्या संशोधकांसमोर जवळजवळ अख्खा प्राणी होता, तरी त्यांनी त्याला नवी जात म्हटलं नाही. बहुधा ऑफ्थॅल्मोसॉरिडी या मोठ्या डोळ्यांच्या कुलातला असावा, इथवर येऊन ते थांबले. आमच्या सीमाभागात नावाला किती वजन असतं ते मी सांगायला नको. गावाची पाटी कशी लिहावी यावरून इथं माणसांची आयुष्यं गेलीत. त्यामुळंच असेल, पुरावा पुरेसा होईपर्यंत नाव न देणाऱ्या त्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. आपल्याकडं काहीच नाही, असं मात्र समजू नका. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रॉबर्ट ब्रूस फूट आपल्या भागात पायी, घोड्यावर हिंडले होते. गोकाकजवळच्या गाळमातीत त्यांना गेंड्याची हाडं मिळाली आणि १८७४ साली त्यांनी 'ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस' या नावानं त्यांचं वर्णन छापलं. घटप्रभेच्या काठी गेंडा! आज गेंडा बघायचा तर आसामकडं जावं लागतं. ही हाडं लाव्ह्यात नव्हती, त्यामानानं कालपरवाच्या मातीत होती. म्हणून जांभा आणि काळा दगड फोडत बसण्यापेक्षा ओढ्याची दरड कोसळली, विहीर खणली, नदीकाठ ढासळला की तिथं बघा.

काही दिसलं तर उपटू नका. शेजारी पेन ठेवून फोटो काढा. काळ्या मातीखाली किती हातावर आहे, वरचा थर कसला, खालचा कसला, ते तिथंच लिहा. मातीतून निघालेलं हाड कुठल्या थरातलं हे एकदा हरवलं की परत मिळत नाही. तारीख लिहा, गावाचं नाव लिहा. प्राण्याच्या नावाची जागा मोकळी ठेवा.

आणि जांभा असला तरी घेऊन या. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारी मी घरीच असते.