आत्ता पाळी कुणाची?

निघायच्या आदली रात्र

बॅगा भरून झाल्या तरी डोक्यातली कामं तशीच राहतात, आणि उद्या सुट्टीला तळ्याकाठी बसल्यावरही ती पाठ सोडत नाहीत. यावर एक उपाय खरोखर लागू पडतो. मॅसिकॅम्पो आणि बॉमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली प्रयोगांतून दाखवलं की मन मोकळं व्हायला काम पुरं व्हावंच लागत नाही. ते कधी आणि कसं करायचं एवढं पक्कं ठरलं तरी त्याचे विचार मध्येमध्ये घुसायचे थांबतात. म्हणून आज कागदावर प्रत्येक कामापुढे वार, वेळ आणि पहिली कृती लिहायची. ‘अहवाल पूर्ण करणे’ असं लिहून भागत नाही; ‘मंगळवारी १० वाजता मागच्या महिन्याचे आकडे मागवणे’ असं लिहावं लागतं. कागद घरीच ठेवायचा.

दुसऱ्या कागदावर घरच्यांची वाटणी: स्वयंपाक, आवराआवर आणि पाण्यातल्या मुलांवर नजर ठेवायची पाळी. प्रत्येक मोठ्या माणसाला रोज सलग दोन तास पूर्ण सुटी, तीही याच कागदावर वेळेसकट. हे निघण्याआधीच ठरवावं. तिथे गेल्यावर ठरवू म्हटलं की ज्याला आधी दिसतं तो काम करतो, आणि बहुतेक घरांत काम आधी दिसतं ते एकाच व्यक्तीला. तिची सुट्टी दुसऱ्या स्वयंपाकघरात तेच काम करण्यात जाते.

पहिला दिवस

पोचल्यावर लगेच पाण्यात कुणीच उतरायचं नाही. आधी मोठ्यांपैकी दोघांनी काठ चालून बघायचा. हातात लांब काठी किंवा वल्हं हवं. काठापासून आत जाताना तळ हळूहळू उतरतो की एकदम तुटतो, चिखल किती, पाण्याखाली बुंधे किंवा दगड आहेत का, हे काठीला कळतं, डोळ्यांना कळत नाही. मुलाच्या कमरेएवढं पाणी जिथे संपतं तिथे खूण करायची. पाण्यावर हिरव्या रंगासारखा दाट तवंग दिसला तर त्या बाजूला मुलांना आणि कुत्र्याला जाऊच द्यायचं नाही. त्या शेवाळात विष असू शकतं.

लाइफ जॅकेटंही आजच बसवून बघायची. पट्टे आवळून खांद्यापाशी धरायचं आणि वर ओढायचं. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे. लहानग्यांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवा, नाहीतर पाण्यात जॅकेट वर राहतं आणि मूल खाली सरकतं.

रात्री झोप नीट लागणार नाही, हे धरून चालायचं. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांना २०१६ साली आढळलं की नव्या जागेत पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा अर्धा भाग जास्त सावध राहतो. उद्या पहाटेचा कुठलाही बेत नको.

दुसरा दिवस

काठावर सहा मोठी माणसं बसलेली असतात, मुलं पाण्यात असतात, आणि प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याचं लक्ष आहे. दुसरीकडे प्रत्येकाचा अर्धा डोळा पाण्याकडेच लागलेला असतो, म्हणून पुस्तकाचं पान पुढे सरकत नाही, गप्पा तुटतात, मान अवघडते. सहाही जण थकतात आणि पाण्यावर पूर्ण नजर कुणाचीच नसते. तळ्याकाठच्या सुट्टीत माणसं दमून परततात त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं.

उपाय पाळीचा. एका वेळी एकच पहारेकरी, १५ ते २० मिनिटं. त्याहून जास्त वेळ लक्ष टिकत नाही. पाळी ज्याची त्याच्या गळ्यात शिट्टी. त्याने फोन घ्यायचा नाही, वाचायचं नाही, दुसऱ्याशी तोंड वळवून बोलायचं नाही. पाळी देताना डोकी मोजायची आणि तोंडाने बोलायचं: “पाण्यात चार, आता तुझ्याकडे.” पुढच्याने शिट्टी गळ्यात घालून “माझ्याकडे” म्हटल्याशिवाय पहिल्याने उठायचं नाही. मानेने खूण करून चालत नाही; घोळ होतो तो नेमका या अदलाबदलीत. पोहता न येणाऱ्या मुलांसाठी मात्र काठावरची नजर पुरत नाही. त्यांच्याजवळ हात पोचेल इतक्या अंतरावर मोठं माणूस पाण्यातच हवं.

पहारेकऱ्याला हेही माहीत हवं, की बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीशी वरखाली होतं, शरीर उभं राहतं, हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात. दंगा करणारं मूल एकदम गप्प झालं की लगेच पाण्यात उतरायचं.

ज्यांची पाळी नाही त्यांनी पाण्याकडे पाठ करून बसावं, हे मी आग्रहाने सांगेन. पहिले दोन दिवस मान आपोआप वळत राहते. पण शिट्टी कुणाच्या गळ्यात आहे हे पक्कं ठाऊक असलं की तिसऱ्या दिवसापासून खांदे खाली येतात.

उन्हाचं थोडक्यात: मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला साधारण ३० ते ३५ मिलिलिटर सनस्क्रीन लागतं, बहुतेक जण निम्मंही लावत नाहीत. दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा लावायचं. अर्धा मीटर पाण्याखालीही अतिनील किरणं पृष्ठभागाच्या सुमारे ४० टक्के असतात, त्यामुळे पाण्यात आहे म्हणून ऊन लागत नाही असं नाही.

तिसरा दिवस, दुपार

हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायचा कापडी झोपाळा. तो बहुतेक जण चुकीचा बांधतात: ताणून, सरळ रेषेत. दोरी जमिनीशी ३० अंशांचा कोन करते तेव्हा प्रत्येक बाजूच्या दोरीवर माणसाच्या वजनाइतका ताण येतो. कोन १० अंशांवर आणला की तोच ताण जवळजवळ तिप्पट होतो. मग गाठ सुटते नाहीतर फांदी मोडते. झाडांमध्ये चार मीटरभर अंतर असावं, पट्टा निदान अडीच सेंटिमीटर रुंद असावा म्हणजे साल कापली जात नाही, आणि मधला भाग बसल्यावर जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर यावा. त्यात लांबीला सरळ झोपलं तर पाठीचं धनुष्य होतं. तिरकं झोपायचं, डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. कापड सपाट होतं, कंबर टेकते, आणि मग डुलकी लागते.

दुपारी वारा वाढतो, म्हणून होडी सकाळीच काढावी. काठाकडून आत वाहणारा वारा फसवतो. काठालगतचं पाणी शांत दिसतं, पण फुगवलेली गादी किंवा रिंग बघताबघता आत जाते. अशा वाऱ्यात ती खेळणी पाण्यात आणायचीच नाहीत. आणि वरचं पाणी कोमट लागलं तरी पाय खाली सोडले की गार पट्टा लागतो. उन्हाने तापलेलं हलकं पाणी वर राहतं, जड गार पाणी खाली. १५ अंशांखालच्या पाण्यात एकदम उडी घेतली तर श्वास आपोआप आत ओढला जातो, तोंड पाण्याखाली असताना सुद्धा. पायऱ्या-पायऱ्यांनी उतरावं.

पाचवा दिवस, संध्याकाळ

अजून पुरतं सैल वाटत नसेल तर त्यात काही चुकलेलं नाही. नेदरलँड्समधल्या नोकरदारांच्या लांब सुट्ट्यांवर द ब्लूम आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बरं वाटण्याची पातळी आठव्या दिवशी सर्वांत वर गेली होती. सुट्टी चारच दिवसांची असेल तर बेत आणखी कमी करावेत: दिवसाला एक, तोही दुपारच्या आत संपणारा.

सूर्य कलला की पाण्यालगतची हवा आधी गार होते आणि वरची उबदार राहते. त्या थरामुळे आवाज वर न जाता खाली वळतो, आणि पलीकडच्या काठावरचं बोलणं शब्दन् शब्द ऐकू येतं. आपलंही तिकडे जातं. स्पीकर बंद ठेवला की वल्ह्यावरून गळणारं पाणी ऐकू येतं. डास याच वेळेला येतात. लांब बाह्या, आणि ओसरीवर टेबलाखाली घोट्यांच्या उंचीला पंखा. वाऱ्यात डासांना धड उडता येत नाही.

शेवटचा दिवस

आज पोहणं सकाळी ९ पर्यंतच, म्हणजे टॉवेल आणि कपडे वाळून बॅगेत जातात. लाइफ जॅकेटं सावलीत वाळवायची, उन्हाने त्यांचं कापड कुजतं. कामावर जायच्या आधी घरी एक पूर्ण दिवस ठेवावा. मोटारीत बसताना डोकी पुन्हा मोजायची, आणि शिट्टी जॅकेटच्या खिशात घालून चेन लावायची.