ग्राइंडरखाली गेलेला पुरावा

मोटरसायकलचा तोच कॅरिअर तिसऱ्यांदा तुटला, आणि या वेळी तुटलेलं काम माझं होतं. पहिल्यांदा तुटला तेव्हा दुसऱ्या कुणीतरी टाके मारले होते. ते तुटल्यावर गाडी माझ्याकडे आली. मी जुनं वेल्डिंग घासून काढलं, वर जाड पट्टी लावली आणि "आता हत्ती बसवा" असं म्हणालो. दौऱ्याच्या पाचव्या दिवशी टॉप बॉक्स रस्त्यावर पडला. मागच्या गाडीने वेळेत ब्रेक मारला म्हणून निभावलं.

माझा टाका शाबूत होता. कॅरिअरचा पाय त्या टाक्याच्या कडेलाच तुटला होता. तुटलेलं तोंड रॉकेलने धुऊन भिंगाखाली धरलं. दोन्ही बाजूंनी आत सरकलेला गुळगुळीत भाग, त्यावर पाणी ओसरताना वाळूवर उमटतात तशा बारीक रेषा, आणि मधोमध तेवढी खरखरीत, दाणेदार चीर. खड्ड्याच्या एका दणक्यात तुटला असता तर पाय आधी वाकला असता. हा पुढे-मागे हलून हलून, कितीतरी दिवस आतून कापला जात होता. मी लावलेल्या जाड पट्टीने एवढंच केलं की सगळी लवचीक हालचाल तिच्या कडेला गोळा केली.

सिंगल सिलिंडर गाडी 4,500 आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला 4,500 फेऱ्यांवर, धरली तर सेकंदाला 75 हिसके. तासाला 2,70,000. दिवसभरात आठ तास चालवली तर साडेएकवीस लाखांच्या वर. त्यापुढे माझ्या पट्टीची काय कथा!

मग टाकी उतरवली. सिलिंडर हेडजवळचा इंजिन माउंट, म्हणजे इंजिन फ्रेमला जिथे बोल्टने धरलेलं असतं ती जागा, आणि बोल्टच्या डोक्याखाली तांबूस, कुंकवासारखी बारीक पूड. हा साधा गंज नव्हे; लोखंडावर लोखंड घासलं की अशी पूड पडते. बोल्ट बोटांनी फिरला. भोक लंबगोल झालेलं. बोल्ट सैल होऊ नये म्हणून घातलेला स्प्रिंग वॉशर मात्र खाली इमानाने बसलेला! आडव्या थरथरीने बोल्ट आपोआप सुटत जातो हे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 मध्ये प्रयोगाने दाखवून दिलं, तरी आमच्या धंद्यातली स्प्रिंग वॉशरवरची श्रद्धा काही ढळत नाही.

माउंटचा ब्रॅकेट बदलला, नवा बोल्ट थ्रेड लॉकर (आटे धरून ठेवणारा गोंद) लावून टॉर्क पान्याने आवळला, डोक्यावर रंगाची रेघ ओढली. सैल झाला तर रेघ तुटलेली दिसेल. कॅरिअरला नवा पाय, रबरी बुश आणि बुशच्या आत स्टीलची स्लीव्ह, म्हणजे छोटी नळी. स्लीव्ह नसली की लोक रबराचा चुरा होईपर्यंत बोल्ट आवळतात. चक्कर मारली, तर 4,000 च्या पुढेही आरशातला मागचा ट्रक ट्रकच दिसत होता, नुसता धुरकट ठिपका नव्हता.

गाडीचे मालक ती न्यायला आले तेव्हा म्हणाले, "दादा, मागच्या वेळी मी सांगितलं होतं ना, हँडलवर हाताला मुंग्या येतात म्हणून?"

सांगितलं होतं. "सिंगल आहे, थरथरणारच," असं उत्तर मी दिलं होतं, तेही ग्राइंडर चालू असताना. त्या वेळच्या तुटलेल्या तोंडावरही याच रेषा असतील का? या वेळचा तुकडा ट्रेमध्ये ठेवलाय. त्या वेळचा मी वेल्डिंग नीट बसावं म्हणून चकाचक घासून टाकला होता.